शुगर असताना बाळंतपण: दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत काय काय करायचं

मला २६ व्या वर्षी डायबेटिस निघाला, टाइप २. आईला होता, मामांना होता, त्यामुळे घरात कुणाला फार धक्का बसला नाही, गोळ्या सुरू झाल्या आणि सगळे विसरून गेले. लग्नानंतर दोन वर्षांनी दिवस राहिले तेव्हा सहा आठवडे होईपर्यंत मला कळलंच नव्हतं. ते बाळ राहिलं नाही. त्यामागे शुगरच होती असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही, पण माझा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) तेव्हा ९.४ होता, आणि दिवस राहायच्या आधी तो खाली आणायचा असतो हे तोपर्यंत मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळं ठरवून केलं, इन्सुलिन घेतलं, वह्या भरल्या, आणि आता मुलगी दोन वर्षांची आहे. मला जे तुकड्यातुकड्याने आणि उशिरा कळलं ते एका जागी लिहून ठेवतेय.

इन्सुलिनचे युनिट, गोळीचा डोस वगैरे ज्याचं त्याचं वेगळं असतं, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. इथे माझे आकडे दिलेत ते अंदाज यावा म्हणून, तुम्ही तसेच घ्यायचे नाहीत.

ज्यांना आधी शुगर नव्हती आणि प्रेग्नन्सीत निघाली त्यांनी पायरी ४ पासून वाचलं तरी चालेल. त्यांच्यासाठी एवढंच, आपल्याकडे सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, उपाशी असा नाहीतर जेवलेल्या, आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्यावर आलं की गरोदरपणातली शुगर. ही तपासणी पहिल्या भेटीतच करायची, आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

१. दिवस राहायच्या आधी तीन महिने

बाळाचं हृदय, मणका, मेंदू यांची मूळ घडण पहिल्या सात-आठ आठवड्यांतच होते, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींना तेव्हा पाळी चुकलीय एवढंच कळलेलं असतं. त्या काळात शुगर जास्त असली तर बाळात व्यंग राहण्याची आणि गर्भपाताची शक्यता वाढते. म्हणजे "दिवस राहिले की बघू" म्हणेपर्यंत मुख्य काम होऊन गेलेलं असतं. म्हणून हे आधी.

एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणायचा, वारंवार शुगर कमी न होता जेवढा खाली येईल तेवढा चांगला. १० च्या वर असेल तर खाली येईपर्यंत दिवस राहू देऊ नका, आणि तोपर्यंत कोणतं साधन वापरायचं हे डॉक्टरांना उघड विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझा ९.४ वरून ६.३ वर यायला पाच महिने लागले. सासूबाईंना ते पाच महिने फार वाटले, मग नवऱ्याने त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं आणि डॉक्टरांनीच समजावलं, त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. घरच्यांना एकदा तरी सोबत न्याच.

याच काळात डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, बुबुळात थेंब घालून करतात तो. शुगर पटकन खाली आणली की पडद्याचा आधीचा त्रास वाढू शकतो. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), थायरॉइड, बीपी, हिमोग्लोबिन हे पण. आणि फॉलिक ॲसिड आधीच सुरू करायचं असतं, शुगर असलेल्यांना बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, १२ आठवडे होईपर्यंत.

२. चालू गोळ्यांची यादी करून डॉक्टरांसमोर ठेवा

सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, नावं सांगताना चुकतात. बीपीच्या काही गोळ्या (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या) आणि कोलेस्टेरॉलच्या (ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन) गरोदरपणात चालत नाहीत. शुगरच्याही बऱ्याच गोळ्या थांबवून इन्सुलिन देतात, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन, व्हिल्डाग्लिप्टिन वगैरे. मेटफॉर्मिन मात्र बऱ्याचदा चालू ठेवतात.

इथला सापळा असा की टेस्ट पॉझिटिव्ह आली की घाबरून बायका सगळ्याच गोळ्या स्वतःहून बंद करतात आणि मग दोन-तीन आठवडे शुगर मोकाट. मीच पहिल्या वेळी हे केलं होतं. बंद करायचं आणि दुसरं सुरू करायचं हे एकाच दिवशी, डॉक्टरांना फोन करून.

३. टेस्ट पॉझिटिव्ह आली, पहिला आठवडा

बाळंतपणाची डॉक्टर आणि शुगरचा डॉक्टर दोघांनाही त्याच आठवड्यात भेटा आणि दोघांकडे एकमेकांचे नंबर आहेत ना ते बघा. हॉस्पिटल निवडताना नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग तिथेच आहे का हे विचारा, लांबच्या दुसऱ्या हॉस्पिटलात "टाय-अप" आहे असं उत्तर आलं तर मी तरी दुसरं हॉस्पिटल बघेन. खाजगीतलं परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी फुकट असते, आशाताईंना विचारा, त्या नोंदणी करून देतात.

फाइलमध्ये हे ठेवा:
- माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँक पासबुकची झेरॉक्स (सरकारी योजनेच्या पैशांसाठी)
- रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी, थायरॉइडचे रिपोर्ट
- डोळ्यांचा आणि लघवीचा रिपोर्ट
- सगळ्या सोनोग्राफ्या तारखेप्रमाणे
- शुगरची वही
- पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: कोणतं इन्सुलिन, कधी, किती, आणि कशाची ॲलर्जी

१२ आठवड्यांनंतर डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन देतात, बीपी वाढून होणारा त्रास टळावा म्हणून. मेडिकलवाले दादा "ही तर हार्टची गोळी" म्हणाले आणि मी दोन दिवस घेतलीच नाही. अशी शंका आली तर लिहून देणाऱ्यालाच विचारा.

४. सामान

ग्लुकोमीटर, स्ट्रिपा, टोचायच्या सुया, इन्सुलिन आणि त्याची सिरिंज किंवा पेन, ग्लुकोज पावडरचा डबा, एक दोनशे पानी वही. दिवसाला चार तपासण्या धरल्या तरी महिन्याला १२० स्ट्रिपा लागतात, त्यामुळे मशीन घेताना मशीनची नाही, स्ट्रिपची किंमत बघा. आणि घेतल्यावर एकदा लॅबमध्ये रक्त देताना तिथेच आपल्या मशीनवरही बघून घ्या, आकडे जवळपास यायला हवेत.

५. टोचा आणि लिहा

साधारण लक्ष्य असं असतं: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवण सुरू केल्यापासून एक तासाने १४० च्या खाली, किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. वेळ मोजायची ती पहिल्या घासापासून. मी सुरुवातीचे पंधरा दिवस हात धुवून उठल्यापासून मोजत होते, त्यामुळे आकडे उगाच चांगले दिसत होते.

हात साबणाने धुवून कोरडे करूनच टोचा. एकदा आंबा चिरून ओढणीला बोटं पुसली आणि टोचलं तर २४१, रडायलाच आलं, हात धुवून परत बघितलं तर ११८. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं.

वहीत खोटा आकडा लिहू नका, आणि वाईट आकडा गाळू पण नका. माझ्यासोबत ओपीडीत बसणारी एक ताई लग्नाला जाऊन आली की ते दोन दिवस कोरे सोडायची, डॉक्टर रागावतील म्हणून. वही म्हणजे परीक्षेचा पेपर नाही, त्यावरून डोस ठरतो. आकड्याच्या शेजारी काय खाल्लं ते लिहा. मी एका पानावर एक दिवस ठेवला होता आणि तिसऱ्या आठवड्यापासून मलाच दिसायला लागलं की कशाने वाढतेय.

प्रेग्नन्सीत रक्तातल्या पेशी लवकर बदलतात आणि रक्त कमी असलं तरी एचबीएवनसी चुकतो, म्हणून "माझा एचबीएवनसी छान आहे" म्हणून टोचणं सोडू नका.

६. खाणं

यावर सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गूळ, मध, खजूर हे सगळं शुगर वाढवतंच. "गुळाने काही होत नाही" हे मला किमान दहा जणींनी सांगितलं असेल. शुगर फ्री लिहिलेली बिस्किटं बहुतेक मैद्याचीच असतात. नाचणी चांगली, पण नाचणीचं पातळ सत्व प्यायलं की ते झरकन चढतं, त्यापेक्षा नाचणीची भाकरी. आणि भाकरी म्हणजे किती हवी तेवढी असं नाही, माझी आई थापते तशी एक भाकरी म्हणजे माझ्या दोन पोळ्या.

सकाळचा नाश्ता सगळ्यात अवघड, कारण पहाटे शरीरातले काही हार्मोन वाढलेले असतात आणि तेव्हा इन्सुलिन कमी लागू पडतं. माझ्या वहीतले आकडे बघा: एक प्लेट कांदेपोहे, एका तासाने १७२. उपमा, १६५. दोन मुगाची धिरडी आणि दही, १२६. दोन अंडी आणि एक पोळी, ११९. इन्सुलिन तेवढंच. मग मी पोहे सकाळचे काढून संध्याकाळी अर्धी वाटी, त्यात मटकी आणि शेंगदाणे घालून खायला लागले, चालून गेले. तुमचे आकडे वेगळे येतील, पण पद्धत हीच.

भात बंद केला नाही. एक वाटी, आणि आधी कोशिंबीर, मग उसळ-भाजी-भाकरी, भात शेवटी. रात्री झोपताना एक कप दूध नाहीतर मूठभर फुटाणे. भात-पोळी सगळंच बंद करून नुसत्या काकड्या खाऊन आकडे सुंदर आणणाऱ्या पण भेटल्या, तसं करू नका, शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात, ते बाळाला बरे नाहीत. वजन वाढायलाच हवं.

उपासाचं स्पष्ट सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वरीचा भातही चढतो, बटाटा तर आहेच. आणि इन्सुलिन घेऊन निर्जळी उपास म्हणजे शुगर कोसळणार. मी संकष्टी सोडली नऊ महिने, आजेसासूबाईंनी स्वतःहून सांगितलं की तुझी मी करते. अशी आज्जी घरात नसेल तर डॉक्टरांच्या तोंडून निरोप द्या.

जेवणानंतर गच्चीवर १५ मिनिटं चालायचे, याने माझी शुगर २०-२५ ने कमी यायची. डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर अर्थातच नाही.

७. इन्सुलिन

"एकदा लागलं की सुटत नाही" हे ऐकून मी तीन दिवस सुई हातात घेतली नाही. गरोदरपणात निघालेल्या शुगरला लागलेलं इन्सुलिन बहुतेकींचं बाळंतपणानंतर बंद होतं, माझंही बंद होऊन परत गोळी आली. आणि हे लक्षात ठेवा, आपण टोचलेलं इन्सुलिन वारेतून बाळाकडे असं काही जात नाही, पण रक्तातली साखर जाते. बाळ मग ती साखर संपवायला स्वतःचं इन्सुलिन बनवत राहतं आणि अंगाने मोठं होत जातं.

डोस वाढत जातो. माझे दिवसाचे १४ युनिट होते ते ३४ व्या आठवड्यात ५८ झाले. मला वाटलं माझा आजार बिघडला, पण तसं नसतं, वारेचे हार्मोन इन्सुलिनला अडवतात म्हणून साधारण पाचव्या महिन्यापासून गरज वाढतेच, दुप्पट-तिप्पट होणं नेहमीचं आहे. उलट शेवटच्या महिन्यात अचानक गरज खूप कमी झाली, शुगर सारखी खाली यायला लागली, तर खूश न होता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, वारेचं काम नीट चाललंय का ते बघावं लागतं.

आता सगळ्यात मोठा सापळा, हा नीट वाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि पेनच्या काडतुसात १०० चं असतं. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. माहेरी असताना माझ्या सिरिंज संपल्या, भावाने मेडिकलमधून आणल्या त्या केशरी टोपणाच्या निघाल्या आणि मी न बघता २० च्या रेघेपर्यंत भरत राहिले. प्रत्यक्षात अंगात ८ युनिटच जात होते. दोन दिवस शुगर २०० च्या आसपास, मी जेवण कमी कमी करतेय, आई देवाला हात जोडतेय, शेवटी शेजारच्या नर्सताईंनी टोपण बघून ओळखलं. उलटं झालं असतं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये, तर अडीचपट डोस गेला असता. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवा. घरच्यांनाही दाखवून ठेवा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण फ्रीजरमध्ये किंवा त्याला चिकटून नाही, गोठलं की फेकून द्यायचं. वापरात असलेलं घरात सावलीत साधारण चार आठवडे चालतं, उन्हाळ्यात लाइट गेली की मडक्याजवळच्या गार जागेत किंवा ओल्या फडक्यात डबीत. पोटावर टोचलं तर बाळाला लागत नाही, फक्त जागा बदलत राहा.

उलट्या होत असतील तरी स्वतःहून इन्सुलिन बंद करू नका, टाइप १ असलेल्यांनी तर अजिबात नाही. त्यांना शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोन चढू शकतात. काही पोटात राहत नसेल तर सरळ दवाखाना.

८. शुगर कमी झाली तर

हात थरथरणं, घाम, ओठ बधिर, डोळ्यांसमोर अंधारी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत टोचा, वर आली नसेल तर परत तेवढंच, आणि वर आली की काहीतरी खा. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर हळू चढते.

माझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी मी एक वाजता इन्सुलिन घेतलं, कारण पानं वाढतायत असं कुणीतरी म्हणालं. मग फोटो, ओटी, गाणी, अजून एक मावशी यायच्यात, आणि सव्वादोनला मी फुलांच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या घामाने भिजले. नणंदेने ओळखलं आणि साखर-पाणी दिलं, मशीनवर ४९. तेव्हापासून ताट खरंच तयार आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सुई काढली नाही.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर झोपवून १०८ ला फोन. हे वाक्य फ्रिजवर चिकटवा. गाडी चालवायच्या आधी टोचून बघा.

९. सोनोग्राफ्या

- ११ ते १३ आठवडे: पहिली मोठी सोनोग्राफी
- १८ ते २० आठवडे: बाळाची सगळी रचना
- २० ते २४ आठवडे: बाळाच्या हृदयाचा इको. ज्यांना आधीपासून शुगर आहे त्यांनी हा टाळू नका, कुणी सुचवला नाही तर विचारा
- २८, ३२, ३६ आठवडे: वाढ आणि पाणी
- डोळ्यांचा पडदा परत, दर तीन महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तसा

२८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचाली मोजा. मला सांगितलेला हिशोब: डाव्या कुशीवर झोपून दोन तासांत दहा. कमी वाटल्या तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला पण जायचं. डोकं खूप दुखणं, डोळ्यांसमोर चमकणं, तोंड सुजणं, छातीखाली पोटात दुखणं, यालाही तसंच.

१०. माहेरी जायचं असेल तर

सातव्या महिन्यात माहेरी, ही आपली पद्धत, आणि नेमकी तेव्हाच शुगर सगळ्यात जास्त हलते. माझं सासर नाशिक, माहेर चाळीसगाव. मी जाऊन आले, पण बाळंतपण नाशिकलाच केलं आणि आईलाच दोन महिने इकडे बोलावलं. जायचंच असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यातच तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटून, फाइल दाखवून, तिथे नवजात बाळाची सोय बघून या. आठव्या महिन्यात नव्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा उभं राहू नका.

११. बाळंतपण आणि बाळाचे पहिले दोन दिवस

आधीपासून शुगर असेल तर बहुतेक वेळा ३७-३८ आठवड्यांच्या आसपास तारीख ठरवतात, पूर्ण चाळीस होऊ देत नाहीत. शुगर आहे म्हणून सिझरच, असं मात्र नसतं. लवकर बाळंत व्हायची शक्यता दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानंतर तीन-चार दिवस शुगर एकदम चढते, आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. आदल्या रात्रीचं इन्सुलिन किती घ्यायचं हे लिहून घ्या. आपलं मशीन पिशवीत असू द्या.

बाळ बाहेर आलं की आईकडून येणारी साखर थांबते, पण त्याचं इन्सुलिन काही तास जास्तच असतं, म्हणून त्याची शुगर खाली जाऊ शकते. टाचेला टोचून तपासतात, तो रडण्याचा आवाज ऐकवत नाही, पण करू द्या. पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक पाजा, आणि दर दोन-तीन तासांनी पाजत राहा. मध, साखरपाणी चाटवू देऊ नका, कितीही मोठ्या माणसाने आणलं तरी. माझ्या मुलीची पहिली शुगर ३८ आली, एक रात्र काचेत ठेवलं, सलाईनमधून ग्लुकोज दिलं, दुसऱ्या संध्याकाळी ती माझ्याजवळ होती. सिझर झालं असेल आणि बाळ अतिदक्षता विभागात असेल तर नर्सला सांगून चीक वाटीत काढून पाठवा, तो पाच-सहा थेंब असला तरी.

१२. घरी आल्यावर

वार पडली की इन्सुलिनची गरज त्याच दिवशी धाडकन उतरते. गरोदरपणातला डोस चालू ठेवला तर शुगर कोसळेल, म्हणून नवा डोस लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. पाजतानाही शुगर उतरते, रात्री उशाशी काहीतरी खायला ठेवा. बंद केलेल्या बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पाजत असताना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळे प्रेमाने करतात आणि सगळ्यात गूळ. आमच्याकडे आईने खोबरं, अळीव, डिंक आणि तीळ भाजून नुसता कुटा केला, जरासं मीठ घालून, भाकरीसोबत चमचाभर खायचे. शेपूची भाजी, बाळंतशोपा आहेतच.

ज्यांची शुगर प्रेग्नन्सीतच निघाली होती त्यांनी सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी परत करायची, यावेळी उपाशीपोटी. बाळाच्या दीड महिन्याच्या लसी तेव्हाच असतात, त्याच दिवशी स्वतःचंही रक्त देऊन या. नॉर्मल आली तरी पुढे दरवर्षी एकदा, कारण पुढे टाइप २ व्हायची शक्यता राहते. आणि पुढचं मूल हवं असेल तर त्याआधी तीन महिने परत पायरी १.